सव्वापाच दिवसांचं काम, तेहतीस दिवस: बाथरूमच्या एका गळतीचं प्रकरण

तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमखाली, दुसऱ्या मजल्याच्या छताला ओल आली. घरमालकीणबाईंनी प्लंबरला पहिला फोन केला सोमवारी. बाथरूम पुन्हा वापरात आलं ते तेहतिसाव्या दिवशी, शुक्रवारी. या काळात कारागिरांनी प्रत्यक्ष हात लावून केलेलं काम मोजलं तर ४२ तास भरतं, म्हणजे आठ तासांचे सव्वापाच दिवस. ठरलेली भेट सहा वेळा फसली. शेवटी दोन्ही बाजूंनी आपापलं ठेवणीतलं मत पक्कं केलं: "हे लोक सांगितलेल्या वेळेला कधी येतच नाहीत" आणि "गिऱ्हाइकाला कामातलं काही कळत नाही, नुसती घाई."

प्रकरण नमुन्याचं आहे. या धंद्यात वरचेवर दिसणाऱ्या चुका एकाच बाथरूममध्ये आणून ठेवल्यात, म्हणून नावं-गावं शोधू नयेत. कामाचे तास आणि वाळवणीचे दिवस मात्र प्रत्यक्षात लागतात तसेच धरलेत. फसलेल्या भेटींचा हिशेब पुढे आहेच, पण इथे सगळ्यात महाग पडला तो कोणीच न विचारलेला एक प्रश्न.

पहिला फोन

"दादा, बाथरूममधून खाली पाणी जातंय. कधी येता?"

"उद्या सकाळी येतो, ताई."

एवढंच बोलणं. ताईंना ११ वाजता कामावर निघायचं होतं, त्यामुळे त्यांच्या लेखी सकाळ ११ ला संपत होती. प्लंबर ८ वाजता आधी कबूल केलेल्या कामावर उभा राहतो. त्याच्या लेखी सकाळ म्हणजे जेवणाआधी कधीतरी. मंगळवारी तो पाऊण वाजता आला तर दाराला कुलूप. त्याने फोन केला, ताई मीटिंगमध्ये होत्या. पहिली भेट अशी गेली. दोघांपैकी कोणीही खोटं बोललं नव्हतं.

"सकाळी", "दुपारनंतर", "संध्याकाळकडे" या शब्दांवर वेळ ठरवायची नसते. घड्याळातला नेमका एक आकडाही कामाचा नाही, कारण छोट्या दुरुस्तीचा अंदाज बांधता येत नाही. बेसिनखालचा ट्रॅप, म्हणजे वास अडवणारा वाकडा पाइप, बदलायला पाऊण तास धरलेला असतो. जुना नट गंजून बसलेला निघतो, सोडवताना बेसिनच्या भोकातली जोडणी, वेस्ट कपलिंग, तीच तुटते, दुकानात फेरी होते, अडीच तास जातात. दिवसाला तीन कामं घेणाऱ्याची ही घसरण तिसऱ्या गिऱ्हाइकाच्या अंगावर येते. म्हणून दोन तासांची खिडकी मागावी, ९ ते ११ किंवा ४ ते ६. आणि शक्य असेल तर दिवसाचं पहिलं काम आपलं असावं. पहिल्या कामाला मागची घसरण नसते.

त्या सोमवारी फोनऐवजी, किंवा फोनपाठोपाठ, एक मेसेज गेला असता तर तो असा असायला हवा होता:

"तिसरा मजला. खालच्या काकूंच्या बाथरूमच्या छताला ओल, आमच्या जमिनीतल्या जाळीखालच्या ट्रॅपच्या पाइपाभोवती, ताटाएवढी. दोन फोटो पाठवतेय, एक ओलीचा, एक आमच्या बाथरूमचा. मागे तीन दिवस घर बंद होतं, तेव्हाही ओल वाढली. शॉवरचा मिक्सर (गरम-गार पाण्याचा नळ) भिंतीत बसवलेला आहे. मेन कॉक बाल्कनीत, फिरतो. घरी कोणीतरी ९ ते ११ आणि ६ नंतर असतं. तोवर पाणी बंद ठेवू का?"

यातलं चौथं वाक्य म्हणजे सगळं प्रकरण. घर तीन दिवस बंद असतानाही ओल वाढली हे ताईंना ठाऊक होतं. काकूंशी त्यावर बोलणंही झालं होतं. प्लंबरला ते सांगण्याजोगं आहे हे त्यांना सुचलं नाही, आणि प्लंबरने विचारलं नाही.

दहा मिनिटांची पाहणी

बाथरूममधून खाली पाणी जाण्याची कारणं मुख्यतः तीन: दाबाची नळी गळते, सांडपाण्याचा जॉइंट गळतो, किंवा लादीखालचा वॉटरप्रूफिंगचा थर फाटलेला असतो. तिन्हींचा स्वभाव वेगळा. दाबाची नळी रात्रंदिवस गळते, बाथरूम वापरा न वापरा. सांडपाण्याचा जॉइंट पाणी सोडलं की गळतो आणि थोड्या वेळाने थांबतो. फाटलेला थर सावकाश पाझरतो. जमीन बराच वेळ ओली राहिली तर ओल वाढते, चार दिवस कोरडी ठेवली तर कमी होते. म्हणून "बाथरूम वापरात नसतानाही ओल वाढते का?" हा पहिला प्रश्न. उत्तर "हो" असेल तर जमिनीला हात लावण्याआधी दाबाची नळी तपासायची.

मीटर असेल तर खात्री करायला अर्धा तास पुरतो. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरवरची लहान चक्री बघायची. फिरत असेल तर पाणी कुठेतरी जातंय. मीटर नसेल तर मेन कॉक बंद करून तासभर एकही नळ उघडायचा नाही, मग एक नळ उघडायचा. नळी शाबूत असेल तर क्षणभर तरी जोराची पिचकारी येते. नळाने नुसता सुस्कारा टाकून हवा आत ओढली, तर मधल्या तासात दाब कुठेतरी निघून गेलाय. (मेन कॉक पूर्ण बंद होत नसेल तर ही परीक्षा फसते, तो आधी तपासावा.) पुढची पायरी गीझरची: बटण बंद करून गीझरला पाणी देणारा अँगल कॉक बंद करायचा. चक्री थांबली तर गळती गरम पाण्याच्या बाजूला, फिरत राहिली तर गार पाण्याच्या.

गुरुवारी संध्याकाळी प्लंबर आला तेव्हा यातलं काहीच झालं नाही. त्याने खालच्या छताकडे पाहिलं, ट्रॅपच्या पाइपाभोवती ओल दिसली. वर येऊन ट्रॅपच्या जाळीभोवतीचा ग्राउट, म्हणजे फटी भरणारा मसाला, निघालेला दिसला. "इथूनच जातंय. शनिवारी भरून देतो." दहा मिनिटांत पाहणी संपली.

चूक समजण्यासारखी आहे. पाणी जिथे दिसतं तिथेच गळतं असं नसतं. भिंतीतून उतरलेलं पाणी लादीखालच्या भरावात पसरतं, आणि स्लॅबमध्ये जिथे भोक सापडेल तिथून खाली येतं. बाथरूमच्या स्लॅबमधलं हमखास भोक म्हणजे ट्रॅपचा पाइप. त्यामुळे गळती कुठलीही असो, ओलीचं वर्तुळ बहुतेक वेळा ट्रॅपभोवतीच उमटतं.

अनुभवी प्लंबरला हे माहीत नसतं असं नाही. पण पाहणीचे पैसे ठरलेले नव्हते. कारण शोधायला अर्धा तास दिला तर तो त्याच्या खिशातून जाणार, आणि ग्राउट भरायचे पैसे मिळणार. अशा व्यवहारात कारण शोधणारा माणूस भेटणं अवघडच. पाहणीची फी वेगळी ठरवावी आणि त्या फीत काय मिळणार हेही ठरवावं: चक्रीची परीक्षा, गीझरची परीक्षा, आणि कुठे फोडायचं, का फोडायचं हे दोन ओळींत लिहून. पुढचं काम त्यालाच दिलं तर फी मजुरीत वळती करायला हरकत नाही.

शनिवारी दोन तासांत जाळीभोवती ग्राउट भरून झाला, पैसे दिले गेले.

"उद्या बघतो"

नवव्या दिवशी, मंगळवारी, काकूंनी सांगितलं की ओल ताटाची परात झालीय. ताईंनी प्लंबरला दिवसभरात सात फोन केले. त्याचा फोन हत्यारांच्या पिशवीत, हात सिमेंटचे. रात्री १० नंतर मेसेज आला: "उद्या बघतो."

धंद्यातली क्रियापदं नीट वाचता यायला हवीत. "येतो" म्हणजे येण्याची इच्छा आहे. "बघतो" म्हणजे तारीख दिलेली नाही. "माणूस पाठवतो" म्हणजे स्वतः येणार नाही, आणि येणाऱ्याला आधीचं काही ठाऊक नसेल. "निघालोच" म्हणजे अजून निघायचंय. ताईंनी "उद्या बघतो" हे "उद्या येतो" असं वाचलं आणि बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. तो आला नाही. गुरुवारीही आला नाही.

बुधवारचं कारण खरं होतं: दुसऱ्या इमारतीत टाकीकडून येणारी मोठी लाइन फुटली होती, आणि तिथे पाच घरांचं पाणी बंद होतं. असं काम सोडून कोणी ग्राउट बघायला येणार नाही, येऊही नये. पण तो मेसेज करायला लागणारा अर्धा मिनिट त्याच्याकडे होता. गुरुवारचं कारण वेगळं. ग्राउट भरूनही ओल वाढली म्हणजे आपलं निदान चुकलं, हे त्याच्या लक्षात आलं होतं. आता फोडावं लागणार, घेतलेल्या पैशांचं विचारणार, बोलणी खावी लागणार. कारागीर फोन उचलत नाही तेव्हा तो आळशी किंवा लबाड आहे असं धरलं जातं. प्रत्यक्षात बऱ्याचदा त्याच्याकडे वाईट बातमी असते आणि ती कशी सांगावी हे त्याला कळत नसतं.

यावर एक मेसेज पुरला असता: "ताई, मोठी लाइन फुटलीय, आज होणार नाही. उद्या ९ ते ११, पहिलं काम तुमचं. जमेल का?" यात कारण आहे, आज नाही हे स्पष्ट आहे, पुढची खिडकी आहे, आणि शेवटी प्रश्न आहे. प्रश्न नसेल तर उत्तर येत नाही. उत्तर आलं नाही तर भेट ठरली असं कोणीच धरू नये. ताईंकडूनही सात मिस्ड कॉलपेक्षा एक मेसेज जास्त कामाचा होता, ओलीच्या नव्या फोटोसकट. सातवा मिस्ड कॉल पाहून समोरच्याला फक्त एवढंच कळतं की आता उचलला तर शिव्या आहेत.

शुक्रवारचं फोडकाम

बाराव्या दिवशी प्लंबर गवंड्याला घेऊन आला. काय फोडणार, किती फोडणार, राडारोडा कोण नेणार, नव्या लाद्या कोण आणणार, काहीच ठरलं नव्हतं. "ट्रॅप उघडून बघू" म्हणून चार लाद्या काढायला घेतल्या. जुन्या लाद्या एकमेकींना धरून होत्या, शेजारच्या तडकल्या. दुपारपर्यंत निम्मी जमीन उघडी. छिन्नी लादीखालच्या वॉटरप्रूफिंगच्या थरातून आरपार गेली, आणि एकदा तो थर तुटला की ठिगळ लावून भागत नाही, कारण जुन्या-नव्याच्या सांध्यातूनच पाणी वाट काढतं. दीड मीटर बाय दोन मीटर दहा, म्हणजे सव्वातीन चौरस मीटरला जराशी कमी, अशी अख्खी जमीन संध्याकाळपर्यंत गेली.

४ वाजता कारण सापडलं, तेही योगायोगाने. सकाळपासून बाथरूममध्ये कोणी पाणी वापरलं नव्हतं, तरी ट्रॅपभोवती उकरलेल्या खड्ड्यात पाणी पुन्हा जमायला लागलं. प्लंबरने मेन कॉक बंद केला, खड्डा पुसला. वीस मिनिटं कोरडा. कॉक उघडला, दहा मिनिटांत पाणी. गीझरचा कॉक बंद केला, पुन्हा कोरडा. मग शॉवरच्या मिक्सरशेजारच्या फक्त दोन लाद्या काढल्या आणि गरम पाण्याच्या बाजूच्या जोडणीवर केसाएवढी चीर दिसली.

ही चीर नेहमीची आहे. सीपीव्हीसी नळीवर (गरम पाण्याला चालणारी प्लास्टिकची नळी) आतल्या आट्यांचा नुसता प्लास्टिकचा अडॅप्टर लावलेला, आणि त्यात मिक्सरचे पितळी बाहेरचे आटे पिळलेले. पाणी झिरपू नये म्हणून टेफ्लॉन टेप जास्त गुंडाळलेला, वर "घट्ट बसू दे" म्हणून एक वेढा जादा. पितळ पाचरीसारखं आत शिरतं आणि प्लास्टिकला आतून ताणून ठेवतं. वर्षानुवर्षं गरम-गार होत राहिलं की एक दिवस प्लास्टिक उकलतं. अशा जागी पितळी आटे आत बसवलेला एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, लावायचा असतो. टेपचे वेढे बेताचे, हाताने घट्ट, मग पान्याने एक-दीड फेरा, बस.

"मग जमीन का फोडली?"

"ताई, फोडल्याशिवाय कळलं नसतं."

हे वाक्य खरं नाही. चक्रीच्या आणि गीझरच्या परीक्षेने अर्ध्या तासात हेच कळलं असतं, आणि फोडाव्या लागल्या असत्या त्या भिंतीतल्या दोन लाद्या. पण ताईंचा प्रश्नही उशिरा आला. "का फोडताय?" हे छिन्नी लागायच्या आधी विचारायचं असतं. समाधानकारक उत्तर आलं नाही तर हातोडा खाली ठेवायला सांगायचा हक्क घर ज्याचं त्याला आहे.

राडारोड्याची पोती जिन्यात ठेवली गेली ती नऊ दिवस तिथेच राहिली. प्लंबरला वाटलं गवंडी नेईल, गवंड्याला वाटलं घरवाले नेतील. शेजाऱ्यांशी झालेली वादावादी मोजलेल्या तासांत धरलेली नाही.

पंप आणि रिकामी फेरी

शनिवारी अर्ध्या दिवसात नवा एल्बो बसला. सॉल्व्हंटने (प्लास्टिकच्या नळ्या जोडायच्या द्रावाने) चिकटवलेल्या जॉइंटला लगेच दाब देत नाहीत. २४ तास थांबलेलं बरं, हवा गार किंवा दमट असेल तर नक्कीच. तेव्हा दाबाची परीक्षा सोमवारी, हे प्लंबरचं म्हणणं बरोबर होतं. पण का, ते त्याने सांगितलं नाही. ताईंनी "रविवार फुकट गेला" असं धरलं.

सोमवारी तो आला नाही. परीक्षेचा हातपंप दुसऱ्या साइटवर गेला होता. हा पंप सगळ्यांकडे नसतो, एकमेकांत फिरतो. शनिवारी "पंप सोमवारी मिळेल ना?" हा एक फोन त्याने करायला हवा होता. मंगळवारी परीक्षा झाली: मिक्सर काढून तोंडांना प्लग, गीझर वेगळा केलेला, नळीतली हवा काढून टाकलेली, आणि रोजच्या दाबाच्या निदान दीडपट दाब. टाकी नळापेक्षा १० मीटर उंच असेल तर रोजचा दाब साधारण १ बार, पण प्लंबर सहसा त्याच्या कितीतरी वर जाऊन तपासतात, आणि ते योग्यच. सुरुवातीला काटा थोडा उतरतो, नळी ताणली जाते म्हणून. पुन्हा दाब भरल्यावर तासभर काटा हलला नाही तरच भिंत बुजवायची. काट्याचा फोटो सुरुवातीला आणि शेवटी, घड्याळासकट, घ्यावा. दोन तासांत हे आटोपलं.

त्याच मंगळवारी, परीक्षा चालू असताना, वॉटरप्रूफिंगवाला सामान घेऊन दारात उभा. त्याला शनिवारीच सांगून ठेवलं होतं, "सोमवारी टेस्ट, मंगळवारी तुम्ही". टेस्ट एक दिवस पुढे गेली हे त्याला कोणी कळवलं नाही. ते प्लंबरने कळवायचं की ताईंनी, हेही ठरलेलं नव्हतं. तो परत गेला, बुधवारी येतो म्हणाला, आणि बुधवारी दुसरीकडे लागला. रिकाम्या फेरीचे पैसे त्याला कोणी दिले नव्हते, तेव्हा या कामाला पुढे ठेवण्याचं कारण त्याच्याकडे नव्हतं. आला तो शुक्रवारी, एकोणिसाव्या दिवशी.

तीन कारागीर एकापाठोपाठ लागतात तिथे क्रम सांभाळणारा एकच माणूस नेमावा लागतो. तो प्लंबर असू शकतो, ताई असू शकतात. पण "तारीख सरकली की इतरांना मी कळवणार" हे कोणीतरी तोंडाने म्हटलेलं हवं. नाहीतर तिघंही दुसऱ्याने कळवलं असेल असं धरून चालतात.

काहीच न घडलेले दिवस

वॉटरप्रूफिंगवाल्याचं काम चोख होतं. जमीन घासून मोकळा कण न कण काढला. ट्रॅप आणि पाइपांच्या भोवती न आकसणारा ग्राउट भरला. भिंत-जमिनीच्या कोपऱ्यात मसाल्याची गोलाई दिली, कारण काटकोनातल्या कोपऱ्यात थर पातळ बसतो आणि आधी तिथेच फाटतो. पृष्ठभाग ओलसर, पण पाणी साचलेलं नाही, अशा अवस्थेत पॉलिमर-सिमेंटचा पहिला हात. मिश्रण अर्धा-पाऊण तासात घट्ट होतं म्हणून थोडं थोडं कालवलेलं. शनिवारी दुसरा हात, पहिल्याच्या आडव्या दिशेने, म्हणजे ब्रशच्या फटी झाकल्या जातात. भिंतीवर ३०० मिलिमीटरपर्यंत, शॉवरच्या बाजूला डोक्याच्या वर.

मग तो "झालं, ताई" म्हणून गेला.

"झालं" म्हणजे लेप लावून झाला. पुढचे तीन दिवस तो पक्का व्हायला हवा, तोवर आत पाय ठेवायचा नाही, हे त्याला इतकं नेहमीचं की सांगायचं राहून गेलं. रविवारी कोणी आलं नाही. ताईंनी प्लंबरला लिहिलं, "परत सगळे गायब?" आणि संध्याकाळी घरातलं कोणीतरी चपलांसकट आत जाऊन बादली ठेवून आलं. दाराजवळ लेप खरवडला गेला. सोमवारी त्याला येऊन तासभर डागडुजी करावी लागली, आणि वाळवणी एक दिवस लांबली. पाणी भरायचं मंगळवारी होतं, ते बुधवारी भरलं गेलं.

न आलेल्या माणसाचा राग आणि येऊ नये अशा दिवसांचा राग, दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात. फरक करायला दाराला चिकटवलेला कागद पुरतो: "लेप ओला. बुधवारपर्यंत आत जाऊ नये. बुधवारी सकाळी पाणी भरणार." असे दिवस कामाच्या तारखांमध्ये आधीच लिहून ठेवावेत, कामाइतक्याच ठळक अक्षरांत.

पाण्याची परीक्षा ४८ तासांची. ट्रॅपचं तोंड टेस्ट प्लगने बंद, उंबऱ्याशी मसाल्याचा बांध, आणि २५ ते ५० मिलिमीटर पाणी. पातळीवर भिंतीला पेन्सिलची रेघ. शेजारी तेवढंच पाणी भरलेली एक बादली, तिच्यातही रेघ. दोन दिवसांनी दोन्ही रेघांची तुलना करायची: दोन्हीकडे सारखंच उतरलं तर ते वाफेने गेलं, जमिनीवरचं जास्त उतरलं तर प्लग, बांध किंवा लेप यांतलं काहीतरी गळतंय. बादलीची रेघ नसेल तर दोन मिलिमीटरवरून अर्धा तास वाद होतो. इथे शुक्रवारी दोन्ही रेघा जुळल्या.

लाद्या

यात फार सांगण्यासारखं नाही, चूक सोडून. जुनी छटा मिळणार नाही हे बाराव्या दिवशीच दिसत होतं. ३०० बाय ३०० मिलिमीटरच्या ३५ लाद्या आणि तुटफूट धरून ४० लागणार हेही. मागणी दिली गेली ती सव्विसाव्या दिवशी, पाण्याची परीक्षा संपल्यावर, कारण लादी मिस्त्री "लाद्या आल्या की फोन करा" म्हणाला होता आणि ताईंना वाटत होतं लाद्या तोच आणतो. चार दिवस वाट बघण्यात गेले. एक बरं झालं: त्याच शुक्रवारी ट्रॅपकडे मीटरमागे १० ते १२ मिलिमीटर उतार देऊन संरक्षक थर घातला होता, त्यालाही घट्ट व्हायला तेवढे दिवस मिळाले. मंगळवारी लाद्या बसल्या, बुधवारी २४ तासांनी ग्राउट, कोपऱ्यांत ग्राउटऐवजी सिलिकॉन. शुक्रवारी पहिली आंघोळ.

सहा भेटींचा हिशेब

दुसऱ्या दिवशीचं कुलूप: दोघांची अर्धी-अर्धी चूक, "सकाळ" या शब्दाची. दहावा दिवस: न येणं रास्त, न कळवणं प्लंबरची चूक. अकरावा: सर्वस्वी प्लंबरची. पंधरावा, पंपाचा: प्लंबरची, पण टाळाटाळीची नव्हे, तयारीची. सोळावा, वॉटरप्रूफिंगवाल्याची रिकामी फेरी: कोणाची म्हणून नेमलेलीच नव्हती. सतरावा: मागच्या दिवसाचं व्याज.

म्हणजे सहापैकी एकच भेट अशी आहे जिला "मुद्दाम टाळलं" म्हणता येईल. बाकीच्या, तारीख दिली तेव्हाच अर्ध्या फसलेल्या होत्या. सहाही भेटी वेळेवर झाल्या असत्या तरी जमीन फुटलीच असती, कारण निदान गुरुवारच्या दहा मिनिटांत चुकलं होतं. आणि निदान बरोबर आलं असतं तर? एक पाहणी, भिंतीतल्या दोन लाद्या, एक एल्बो, एक दिवस थांबणं, दाबाची परीक्षा, भिंत बुजवून दोन लाद्या आणि ग्राउट. आठवड्याच्या आत.

पैशांचं बोलणं सव्विसाव्या दिवशी झालं, ते बाराव्या दिवशी व्हायला हवं होतं. ठरलं ते असं: जमीन फोडण्याची आणि पहिल्या ग्राउटची मजुरी प्लंबरने सोडली, वॉटरप्रूफिंग आणि लाद्यांचं सामान ताईंनी बिलावर दिलं, राहिलेली मजुरी तीन हप्त्यांत. दाबाची परीक्षा झाली होती म्हणून पहिला हप्ता लगेच, पाण्याची परीक्षा झाली म्हणून दुसराही, शेवटचा ग्राउटनंतर. हे हप्ते परीक्षांना बांधलेले असणं महत्त्वाचं. सुरुवातीला मोठी उचल दिली की ती दुसऱ्या कुठल्यातरी साइटच्या सामानात जाते आणि आपलं काम रांगेत मागे पडतं. सगळं शेवटी देऊ म्हटलं तर कारागिराचं रोजचं भागत नाही आणि तो पैसे मिळणाऱ्या कामावर जातो. रिकाम्या फेरीचाही नियम दोन्हीकडून हवा. कळवूनसवरून दाराला कुलूप असेल तर फेरीचे पैसे गिऱ्हाइकाने द्यावेत. न कळवता कारागीर आला नाही तर पुढच्या पाहणीची फी त्याने सोडावी. रक्कम छोटी चालेल, पण पहिल्या दिवशी बोललेली हवी.

खालचं छत

बाथरूम सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी काकूंचा फोन आला: "अगं, अजून ओल दिसतेय." ताईंनी प्लंबरला लिहिलं, आणि या वेळी त्याने तासाभरात उत्तर दिलं. स्लॅबने इतके दिवस पाणी पिऊन घेतलेलं आहे, गळती थांबल्यावरही ते सावकाश खाली उतरत राहतं, कधीकधी डाग आधी जरा पसरतोही. त्याने जाऊन ओलीच्या कडेने पेन्सिलची रेघ मारली, तारीख लिहिली आणि फोटो काढला. काकूंना सांगितलं, दर रविवारी त्याच जागेवरून एक फोटो पाठवा. डाग रेघेच्या बाहेर गेला तर त्याच दिवशी फोन करा, आत सरकत असेल तर पंखा लावून ठेवा आणि थांबा. रंगाऱ्याला लगेच बोलावायचं नाही, कारण ओल्या स्लॅबवर मारलेला रंग फुगून पोपडे धरतो. पहिल्या रविवारी डाग रेघेवरच होता. तिसऱ्या रविवारच्या फोटोत तो रेघेच्या आत बोटभर सरकलेला दिसला, आणि खाली काकूंनी विचारलं होतं, "रंगाऱ्याला कधी सांगू?" प्लंबरने तारीख दिली नाही. "डाग पूर्ण सुकला की त्यानंतर दोन आठवड्यांनी. सुकल्यावर फोटो पाठवा, मग मी येऊन हात लावून बघतो, १० ते १२ मध्ये. जमेल का?"